सामनचा चमचा, इटियाडोहची मरळ

ऑनलाइन मागवलेला हा पितळी चमचा, म्हणजे मासा भुलवायचं गळाचं खोटं आमिष, मुळात थंड पाण्यातल्या सामन-ट्राउट माशांसाठी, चालत्या बोटीमागं ओढायचा. आमच्या इटियाडोह धरणात दोन्ही नाहीत, तरी डोंग्यामागं सोडला. वल्हं सावकाश मारलं की मस्त डुलत, चकाकत येतो. जोर लावला की गरगर फिरून दोरीला पीळ. पुढं स्विव्हल (दोरीला पीळ बसू न देणारी फिरती कडी) लावाच, पाकिटात येत नाही. मधल्या खोल पाण्यात शुकशुकाट. काठच्या बुडालेल्या झुडपांशी मात्र मरळीनं असा हिसका दिला का बस! पितळेवर ओरखडा नाही, पण तीन तोंडांचा गळच सरळ झाला अन् मरळ गेली. कंपनीनं नेमकी तिथंच कंजुषी केली. डोंगेवाला म्हणे, "भाऊ, यापेक्षा बेडकी लाव." चमच्याला तीन तारे, गळाला शून्य.