वायफाय ड्रायव्हर: जुना कोड साफ करायचा की नव्याने लिहायचा?

कंपनीने दिलेला ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा कोड, हातात आहे, चिप स्वस्त आहे, बाजारात सगळीकडे मिळते, आणि तो ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, कायमचा बसवायचा आहे. मग एक तर आहे तोच कोड साफ करत जायचं, नाहीतर मॅक८०२११ च्या, म्हणजे लिनक्समधल्या वायफायच्या सामाईक थराच्या, पायावर सगळं नव्याने लिहायचं. रिअलटेकच्या आरटीएल८१८८ईयू या यूएसबी चिपवर हे दोन्ही प्रयोग होऊन गेलेत, म्हणून तिच्याच आधाराने बोलतो.

कंपनीचा कोड २०१३ मध्ये कर्नल ३.१२ च्या स्टेजिंग विभागात, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या ड्रायव्हरांच्या जागेत, आला. डाँगल लावला की नेट चालू, हा त्याचा फार मोठा गुण. वापरणाऱ्याचं काम अडत नाही आणि नव्या माणसाला पॅच (कोडमधले छोटे बदल) पाठवायला शिकण्यासाठी हक्काची जागा मिळते. पण या कोडने आपली चूल वेगळी मांडलेली होती. स्कॅन कसा करायचा, राउटरशी जोडणी कशी करायची, पॅकेट कूटबद्ध कसं करायचं, हे सगळं त्याच्या स्वतःच्या फाइलींमध्ये. वर तोच कोड विंडोजवरही चालावा म्हणून मध्ये आवरणाचा आणखी एक थर. लोकांनी वर्षानुवर्षं स्पेस आणि टॅब सरळ केले, न लागणारी फंक्शनं काढली, आवरण सोलत आणलं. २०२१ मध्ये ५.१५ मध्ये तो अख्खा ड्रायव्हर बाजूला काढून कंपनीच्या नव्या आवृत्तीवरचा आर८१८८ईयू आणला गेला आणि झाडलोट पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. इतके हात लागूनही तो मॅक८०२११ वर आला नाही. घर झाडून स्वच्छ होतं, पाया मात्र तोच राहतो.

दुसरीकडे येस सोरेनसन यांनी आरटीएल८एक्सएक्सएक्सयू हा रिअलटेकच्या यूएसबी चिपांच्या कुटुंबासाठीचा ड्रायव्हर नव्याने लिहिला. तो कर्नल ४.४ मध्ये, म्हणजे जानेवारी २०१६ मध्ये आला. इथे जोडणी आणि बहुतेक शिष्टाचार (प्रोटोकॉल) मॅक८०२११ सांभाळतं. ड्रायव्हरने चिप सुरू करायची, चॅनेल बदलायचा, पॅकेट द्यायचं-घ्यायचं. कोड आटोपशीर राहतो आणि तपासणारा तो वाचू शकतो. किंमतही खरी आहे: ॲक्सेस पॉइंट मोड, म्हणजे डाँगललाच हॉटस्पॉट बनवण्याची सोय, कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये होती, इथे कित्येक वर्षं नव्हती. हॉटस्पॉट करणाऱ्याला ‘कोड सुंदर आहे’ हे सांगून काय उपयोग?

नव्याने लिहिण्यातली मेख ८१८८ईयू मध्येच दिसते. किती वेगाने पाठवायचं हे कुटुंबातल्या इतर चिपांचं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, ठरवतं. या चिपमध्ये ते ड्रायव्हरला करावं लागतं. पाठवलेलं पॅकेट पोचलं का, किती वेळा पुन्हा पाठवावं लागलं, याचे अहवाल चिप देते आणि ते वाचून ड्रायव्हर वेग वर-खाली करतो. असली गोष्ट कंपनीचा कोड ओळ-ओळ वाचल्याशिवाय कळणं अवघड. म्हणून नवं लिहिणाऱ्यानेही जुना कोड फेकायचा नसतो. रजिस्टरांचे (चिपला आज्ञा द्यायच्या खणांचे) तक्ते आणि चिपच्या खोडी त्यातच असतात. २०२३ मध्ये कर्नल ६.३ मध्ये ही चिप आरटीएल८एक्सएक्सएक्सयू मध्ये आली आणि स्टेजिंगमधला ड्रायव्हर काढून टाकला गेला.

सुरक्षेच्या बाबतीत मला तुलनाच वाटत नाही. मे २०२१ मध्ये सुरक्षा संशोधक मॅथी व्हॅनहूफ यांनी फ्रॅगअटॅक्स हे वायफायवरचे हल्ले उघड केले. पॅकेटांचे तुकडे जोडण्याच्या आणि अनेक पॅकेटं एकत्र बांधण्याच्या पद्धतीत ती भोकं होती. मॅक८०२११ मध्ये दुरुस्ती झाली की त्याच्यावर तुकडे जोडणारे ड्रायव्हर एकदम सावरतात. वेगळ्या चुलीवाल्यांना प्रत्येक भोक स्वतः शोधून बुजवावं लागतं, आणि अनेकदा तसं करायला कुणी उरलेलं नसतं.

तिसरी वाट फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमने घेतली: इंटेलचा लिनक्स ड्रायव्हर लिनक्सकेपीआय या जुळवणीच्या थरावर चालवायचा. २०२२ मध्ये तिच्या १३.१ आवृत्तीत तो आला, पण सुरुवातीला वेग जुन्या ए-बी-जी मानकांपुरताच. तिच्याच जातकुळीतल्या ओपनबीएसडीने मात्र आयडब्ल्यूएम आणि आयडब्ल्यूएक्स हे इंटेल चिपांचे ड्रायव्हर आपल्याच रचनेत बसवले. इंटेलचा तो कोड बीएसडी या सैल अटींच्या परवान्याखालीही आहे म्हणून हे जमलं. दुसऱ्याचा कोड घेण्याआधी परवाना बघा. नंतर उपसून काढणं फार त्रासाचं.

तुमच्यापुढे फोल्डर उघडा असेल तर आधी जोडणीच्या आणि कूटबद्धतेच्या फाइली शोधा. त्या कंपनीच्या स्वतःच्या असतील तर मी नव्याने लिहीन आणि जुना ड्रायव्हर शेजारच्या मशीनवर चालू ठेवीन, यूएसबीवरची देवाणघेवाण ताडून बघायला. कोड आधीच मॅक८०२११ वर असेल आणि फक्त गबाळा असेल तर नव्याने लिहू नका, साफ करा. आणि ते डाँगल घरात हॉटस्पॉट म्हणून चालत असेल, तर नव्यात तो मोड येईपर्यंत जुना काढू नका.