पैसे मागितले नाहीत, म्हणून मी विश्वास ठेवला

अंबडच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला होतो, कॉन्ट्रॅक्टवर. मे महिन्यात आमच्या लाईनवरच्या अकरा जणांना ब्रेक दिला. सिडकोत भाड्याचं घर, बायकोला सातवा महिना. अशात फोन आला : सिन्नरजवळ माळेगाव एमआयडीसीत नवीन प्लांट, हातात बावीस हजार, जायला-यायला बस. माझा बायोडाटा नोकरीच्या दोन-तीन साइटवर होता, तिथूनच नंबर मिळाला असणार.

मी सावध होतो. माझ्या मावसभावाचे नोकरीपायी दीड लाख बुडालेले, त्यामुळे पहिल्याच फोनवर विचारलं, "डिपॉझिट वगैरे भरायचंय का?" पलीकडची बाई म्हणाली, "एक रुपयाही नाही सर. कोणी मागितला तर आम्हालाच कळवा." त्या एका वाक्यावर मी पुढचं सगळं केलं.

पाथर्डी फाट्याजवळ एका गाळ्यात ऑफिस होतं. बाकड्यावर आठ-दहा मुलं बसलेली, बहुतेक आयटीआयवाली. आधार, पॅन, कॅन्सल चेक, फोटो घेतले. कंपनीचं सिम जॉइनिंगला मिळेल म्हणाले आणि मशिनवर अंगठा ठेवायला सांगितला. "नीट उठला नाही, परत ठेवा." असं तीनदा.

मग 'बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन'चा व्हिडिओ कॉल. त्याआधी ऑफिसातल्या मुलाने बजावलं, "समोरचा माणूस बाहेरच्या एजन्सीचा आहे. नोकरीचं काही काढू नका. पॅन कॅमेऱ्यासमोर धरा आणि विचारतील त्याला हो म्हणा." मी पॅन धरला, मान डावीकडे-उजवीकडे वळवली, हो म्हणालो. माझ्या मोबाइलवर आलेला आधारचा ओटीपीही वाचून दाखवला. पलीकडे बहुधा खऱ्या बँकेचा खरा कर्मचारी होता आणि तो माझ्या नावाने खातं उघडत होता.

आठवड्याने त्यांचे फोन बंद. गाळ्याला कुलूप. मी घरी म्हणालो, पैसे तर गेले नाहीत ना, सोडून द्या. तक्रार केली नाही. माझी सगळ्यात मोठी चूक ही.

गणपतीत, रात्री साडेनऊला वसुलीवाल्याचा फोन आला. बाळ नुकतं झोपलं होतं. माझ्या नावावर दोन फायनान्स कंपन्यांचं मिळून १,३५,००० रुपयांचं कर्ज आणि तीन हप्ते थकलेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी निफाडला माझ्या सासऱ्यांना फोन केला. सासरे द्राक्षबागायतदार, तेही कर्ज काढून बाग करतात. ते एवढंच म्हणाले, "जावईबापू, अडचण होती तर आम्हाला सांगायचं होतं." ते ऐकून मला रडू आलं. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि पोचपावती घेऊन सायबर पोलिसांकडे गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, "चेहरा तुमचा, पॅन तुमचा, ओटीपी तुमचा. कर्ज तुम्ही घेतलं नाही हे दाखवणार कसं?" प्रश्न बरोबर होता. उत्तर आधारच्या वेबसाइटवर मिळालं. आपलं आधार कधी, कुठे आणि कोणत्या पद्धतीने वापरलं गेलं याची गेल्या सहा महिन्यांची हिस्ट्री तिथे निघते. जूनमधल्या त्याच सकाळी, वीस मिनिटांत, तीन वेळा अंगठा आणि एकदा ओटीपी. अंगठ्यांच्या नोंदींसमोर मोबाइल कंपन्यांची नावं. मग आपल्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते दाखवणाऱ्या सरकारी संचार साथी पोर्टलवर पाहिलं, तर माझ्या नावावर चार नंबर निघाले, त्यातला एकच माझा. आधी स्क्रीनशॉट काढले, मग बाकीच्या तिन्हींवर 'माझा नंबर नाही' असं कळवलं. ओळखचोरीसाठी आयटी कायद्याचं ६६सी कलम आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. गुन्ह्यात ते कलम लागलं.

कोणाच्या नावावर कोणतं कर्ज आहे याची नोंद सिबिलसारख्या कंपन्या ठेवतात, पण सिबिल एकट्याचा रिपोर्ट काढून भागत नाही. देशात अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. माझं दुसरं कर्ज दोघींच्याच रिपोर्टात दिसत होतं. रिपोर्टातल्या चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, हे अर्जातच लिहा. फायनान्सवाले मला सांगत होते, "निम्मे भरा, सेटल करून टाकू." भरू नका. एक हप्ता जरी भरला तरी कर्ज आपलंच असल्याचं मान्य केल्यासारखं होतं. एफआयआरची प्रत आणि ती हिस्ट्री जोडून मी लेखी उत्तर देत राहिलो. एक कर्ज ४७ दिवसांनी रिपोर्टातून निघालं. दुसरं अजून आहे, त्याची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे केली आहे.

आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं की झालं, असं बरेच जण सांगतात. त्याने अंगठा बंद होतो, ओटीपी चालूच राहतो. सोळा आकडी व्हीआयडी (आधार नंबरऐवजी वापरता येणारा नंबर) काढून आधार नंबरच लॉक केला तर दोन्ही बंद होतात. मी आता तेच केलं आहे. सातपूरला एका वर्कशॉपमध्ये लागलो, तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार दिलं आणि झेरॉक्सवर आडवं लिहिलं : फक्त नोकरीसाठी, तारीख, सही.

त्या दिवशी बाकड्यावर माझ्या शेजारी घोटीचा एक मुलगा बसला होता. डब्यातली अर्धी भाकरी त्याने मला दिली. त्याचं नाव मी विचारलं नाही. तो किंवा त्याच्या घरचं कोणी हे वाचत असेल तर आधारची हिस्ट्री आजच काढून ठेवा. डिसेंबरात जूनचा तो दिवस त्या यादीतून जाईल.