व्हीआर + बोटाचा जीएसआर + छातीचा पट्टा: हिवाळा, उन्हाळा, पावसाळा तिन्ही वापरून झाल्यावर

नागपुरात धरमपेठेत एका काउन्सेलर ताईंकडे मशीनचं सगळं मी पाहतो. कोणाला उंचीची भीती, कोणाला स्टेजची, कोणाला लिफ्टची. त्यांना व्हीआरचा म्हणजे आभासी जगाचा हेडसेट घालून तो प्रसंग हळूहळू दाखवायचा आणि तेव्हा शरीर काय करून राहिलंय ते सेन्सरवर पाहायचं, एवढंच काम. सेट म्हणजे क्वेस्ट 2 हेडसेट, दोन बोटांना वेल्क्रोने बांधायचे जीएसआरचे (कातडीवरच्या घामाचा अंदाज घेणाऱ्या सेन्सरचे) इलेक्ट्रोड, हृदयाच्या ठोक्यांसाठी छातीचा पट्टा आणि सोबत आलेलं सॉफ्टवेअर, जे स्क्रीनच्या कोपऱ्यात 'आनंदी', 'घाबरलेला', 'शांत' अशी लेबलं लावत बसतं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सेन्सर कामाचे आहेत, ते लेबल मात्र आम्ही थोड्याच दिवसांत बंद करून टाकलं.

काहून ते सांगतो. जीएसआर दोन बोटांमधून अगदी बारीक करंट सोडतो आणि कातडीतून तो किती सहज जातो ते मायक्रोसिमेन्समध्ये मोजतो. तळहाताच्या घामग्रंथी सिम्पथेटिक नर्व्हस सिस्टिमच्या, म्हणजे ताणात शरीराला आपोआप सज्ज करणाऱ्या नसांच्या ताब्यात, त्यामुळे मन जरा हललं की डोळ्याला घाम दिसायच्या आधीच ग्राफ वर जातो. इथपर्यंत मस्त. पण वर गेला म्हणजे झालं काय? आमच्याकडे एक बँकेतला पोट्टा यायचा, उंचीला घाबरणारा. सीनमध्ये लिफ्टचं दार उघडतं आणि समोर नुसती फळी, खाली रस्ता. पाय टाकायच्या आधीच, दार उघडल्याबरोबर दोनेक सेकंदांत त्याचा ग्राफ उभा चढला, उजव्या हाताने माझी बाही घट्ट धरलेली, चेहरा पांढराफटक, आणि सॉफ्टवेअर म्हणतंय 'आनंदी'! मग त्याच्यासोबत आलेल्या दोस्ताने हट्टाने हेडसेट घातला, तो फळीवर खिदळत उड्या मारून राहिला, आणि त्याचा ग्राफ जवळपास तसाच.

मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेलने 1980 मध्ये भावनांचं जे वर्तुळ मांडलं त्यात दोन अक्ष आहेत, एक म्हणजे माणूस किती चेतलाय आणि दुसरा म्हणजे त्याला बरं वाटतंय की वाईट. घाम पहिला अक्ष छान सांगतो, दुसऱ्याबद्दल जवळजवळ काहीच नाही. त्यासाठी चेहऱ्याचे स्नायू पाहावे लागतात आणि तोच चेहरा हेडसेटने अर्धा झाकलेला. आतून स्नायूंचे सेन्सर लावलेले मास्क मिळतात, पण ते आपल्या बजेटचं काम नाही.

विकणारे अ‍ॅक्युरसीचे आकडे तोंडावर फेकतात ते पण जरा समजून घ्या. या फील्डमध्ये खूप वापरला जाणारा वेसाड नावाचा डेटासेट 2018 चा आहे, त्यात माणसं फक्त 15, तेही लॅबमध्ये. साधी अवस्था, ताण आणि करमणूक हे तीन वेगळे काढायचे तर 80 टक्क्यांपर्यंत बरोबर येतं, आणि नुसतं ताण आहे की नाही एवढंच विचारलं तर 93. म्हणजे प्रश्न सोपा केला की आकडा वाढतो. आणि त्या 15 जणांपैकी मे महिन्यात सीताबर्डीवरून तोंडाला दुपट्टा बांधून गाडीवर कोणीच आलं नव्हतं बाप्पा.

नागपूरचा उन्हाळा हा या सेटचा खरा दुश्मन. बाहेर 45, माणूस आत येतो तेव्हा बोटं आधीच ओली, ग्राफ सुरुवातीलाच इतका वर की भीतीने चढायला जागाच उरत नाही. आधी आम्ही कूलरसमोर बसवायचो, पण कूलरची हवा दमट, बोटं काही सुकत नाहीत, शेवटी ताईंनी त्या खोलीत एसी लावला तेव्हा कुठे रीडिंग वाचण्यासारखं झालं, तरी पंधरा-वीस मिनिटं नुसतं बसवून मगच सुरू करतो. पावसाळ्यातही थोडंफार तेच. डिसेंबरात उलटं, बोटं थंडगार नि कोरडी, ग्राफ मेल्यासारखा आडवा. तेव्हा गरम पाण्याची बाटली हातात देतो आणि हात पुसून मग इलेक्ट्रोड लावतो.

व्हीआरचा स्वतःचा एक लोचा आहे. कंट्रोलर दाबला की इलेक्ट्रोड हलतो आणि ग्राफमध्ये खोटा डोंगर येतो. म्हणून इलेक्ट्रोड डाव्या हाताला लावून तो हात मांडीवर, कंट्रोलर फक्त उजव्यात. क्वेस्ट 2 चं वजन 503 ग्रॅम, कपाळ घामाने निथळतं, लेन्सवर वाफ धरते. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे मळमळ. व्हीआरमध्ये पोट ढवळलं की माणसाला थंड घाम फुटतो, ठोके वाढतात, आणि सॉफ्टवेअर छातीठोकपणे 'घाबरलेला' सांगतं. म्हणून ताई मधूनमधून सरळ विचारतात, 0 ते 100 मध्ये भीती किती, आणि पोटात कसं वाटतंय. उत्तर आणि ग्राफ जुळले तर ठीक, नाही जुळले तर उत्तर धरतो.

छातीचा पट्टा मला सगळ्यात आवडला. पाण्याने ओला करून घातला की ठोका नि ठोका पकडतो, बायकांना ताई पडद्याआड घालायला सांगतात, काही अडचण नाही. फक्त माणूस उभा राहिला की ठोके तसेही वाढतात, म्हणून बसलेलं रीडिंग बसलेल्याशीच जोडून पाहा. एचआरव्ही, म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमी-जास्त होतं ते पाहायचं असेल तर काही मिनिटांचा डेटा लागतो, दहा सेकंदांवरून 'ताण कमी झाला' म्हणणारं अ‍ॅप डिलीट मारा.

मध्यंतरी एका कोचिंगवाल्यांचा फोन आला, पोरांच्या बोटांना लावून लक्ष आहे की नाही ते कळेल का म्हणून. ताईंनी तिथल्या तिथे नाही म्हटलं. युरोपियन युनियनमध्ये फेब्रुवारी 2025 पासून शाळेत आणि ऑफिसात असं भावना ओळखणं बंदच केलंय, उपचार आणि सुरक्षेचं कारण सोडून. आपल्याकडे 2023 चा डेटा कायदा संमती घ्या म्हणतो, पण सोळा वर्षांच्या पोराला क्लासमध्ये कोण विचारणार. आमच्याकडचा डेटाही कंपनीच्या क्लाउडवर आपोआप जात होता, सेटिंगमध्ये खूप आत जाऊन ते बंद करावं लागलं.

वेल्क्रो लवकर ढिला पडतो, बदलीची वायर यायला दीड महिना लागला. घ्यायचाच असेल तर दुकानात उभं राहूनच कच्चा डेटा सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारी साधी आकड्यांची फाइल) काढून दाखवायला सांगा. नुसते इमोजी दाखवत असतील तर पैसे देऊ नका.