हिरवा लेझर पॉइंटर: देवगडच्या सड्यावरचे आठ महिने

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू आला, तेव्हा वाडीतली पंधरा-वीस माणसं घेऊन मी सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, गेलो होतो. पाऊस नुकताच सरला होता. समुद्रावर शुक्र लखलखत होता, उजवीकडे स्वाती, आणि दोघांच्या मध्ये तो फिकट पांढरा फराटा. बोट दाखवून दाखवून माझा खांदा भरून आला. शेजारच्या काकी शेवटपर्यंत विचारत राहिल्या, "खंय रे बाबू? माका काय एक दिसणा नाय." त्यांना तो दिसलाच नाही. त्याच आठवड्यात मी हिरवा लेझर मागवला.

आता मे संपत आलाय, वळवाचे ढग यायला लागलेत आणि चार महिने आकाश दिसायचं नाही. म्हणून बसून नीट लिहितोय. या काळात दोन लेझर हाताळले. पहिला घेणं ही चूक होती, आणि ती चूक सांगण्यासाठीच मुख्यतः हे लिहितोय.

पहिला ऑनलाइन घेतला, साडेचारशे रुपयांना. काळं जाडजूड नळकांडं, मागे छोटी किल्ली, आत '१८६५०' या मापाचा रिचार्जेबल सेल. विक्रीच्या पानावर १०० मिलिवॅट आणि काही मैलांचा पल्ला लिहिलेला, अंगावरच्या पिवळ्या स्टिकरवर मात्र '५ मिलिवॅटपेक्षा कमी'. एकाच वस्तूवर दोन आकडे दिसल्यावर मी तिथेच थांबायला हवं होतं. पण रात्री अंगणात लावला आणि माडांच्या झावळ्यांवरून थेट कृत्तिकांपर्यंत जाणारी काठीसारखी हिरवी रेघ बघून मी हरखून गेलो.

त्याचं बटण पेनासारखं होतं. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. दिवाळीत भाचा आला होता, सहा वर्षांचा. मी किल्ली काढून ठेवायला विसरलो आणि त्याने स्वयंपाकघरात तो उचलला. पाण्याने भरलेल्या स्टीलच्या कळशीवर त्याने तो धरला आणि कळशीच्या पोटावरून उडालेला प्रकाश भिंतीभर फाटक्या हिरव्या पट्ट्यांत पसरला. एक पट्टा फळीवरून सरकत आईच्या गालापर्यंत आला. ती चुलीकडे तोंड करून भाकरी थापत होती म्हणून वाचली. कळशीचं पोट गोल, त्यामुळे प्रकाश पांगला. तिथे सपाट ताट असतं तर झोत जसाच्या तसा परतला असता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तो कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या मित्राकडे नेला. त्यांच्या प्रयोगशाळेत लेझरची शक्ती मोजायचं मीटर आहे. हिरवा प्रकाश भरला ५२ मिलिवॅट. मग मध्ये हिरवा अडवणारी काच धरली. भिंतीवर काहीही दिसत नव्हतं, आणि मीटर १८ दाखवत होतं. हे अवरक्त किरण, डोळ्यांना न दिसणारे.

ते कुठून येतात हे त्याने समजावलं, आणि विकत घेणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं. बहुतेक हिरव्या पॉइंटरमध्ये हिरवा प्रकाश सरळ तयार होत नाही. आतला डायोड ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश देतो, त्यावर एक स्फटिक १०६४ नॅनोमीटरचा, तोही अवरक्तच, प्रकाश तयार करतो आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा बाहेर काढतो. उरलेला अवरक्त अडवायला पुढे एक छोटा फिल्टर लागतो. स्वस्त मालात बऱ्याचदा नेमका तोच बसवलेला नसतो. अमेरिकेतल्या निस्ट या मानक संस्थेने २०१० मध्ये अशीच एक गोष्ट प्रसिद्ध केली होती. १० मिलिवॅटचा म्हणून घेतलेल्या हिरव्या पॉइंटरमधून जवळजवळ २० मिलिवॅट अवरक्त बाहेर पडत होतं. झगझगीत उजेड आला की पाव सेकंदात आपली पापणी मिटते. न दिसणाऱ्या किरणांना ती मिटत नाही. आणि दोन्ही प्रकारचे किरण बुबुळातून आत जाऊन थेट डोळ्याच्या पडद्यावर एकवटतात. तिथे भाजलं तरी दुखत नाही, म्हणून माणसाला कळतही नाही. गणपतीच्या मिरवणुकांतल्या लेझर झोतांनी डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या २०२३ मध्ये पुण्या-कोल्हापुराकडून आल्या, त्या आठवा.

पहिल्याचा सेल काढून तो मित्राकडेच, प्रयोगशाळेच्या कुलपात ठेवला. विकणाऱ्याला लिहिलं, उत्तर आलं नाही.

दुसरा घेतला नोव्हेंबरच्या मध्याला, चोवीसशे रुपयांना, खगोलाचं सामान विकणाऱ्या दुकानातून. पेनाएवढा, दोन ट्रिपल-ए सेलवर चालणारा. अंगावर वर्ग ३आर, ५३२ नॅनोमीटर आणि ५ मिलिवॅट कोरलेलं. मोजला तर ४.३ भरला, आणि अवरक्त जवळपास शून्य. डोळ्यांना किती धोका यावरून लेझरचे वर्ग पाडतात, त्यांचं गणित थोडक्यात असं. वर्ग २ म्हणजे १ मिलिवॅटपर्यंत, ३आर म्हणजे ५ पर्यंत, ३बी म्हणजे ५ ते ५००, आणि त्यापुढे वर्ग ४. हातात धरून आकाश दाखवायला ३आरच्या वर जाण्याचं काहीही कारण नाही.

"पाच मिलिवॅटमध्ये दिसणार काय?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला गेला. दिसतो, आणि छान दिसतो. आपला डोळा हिरव्याला फार जागा असतो. सभागृहात वापरतात त्या ६५० नॅनोमीटरच्या लाल लेझरच्या आठपट उजळ हा वाटतो, शक्ती तेवढीच असून. शिवाय हवेत लाल प्रकाशापेक्षा हिरवा जास्त विखुरतो, म्हणून रेघ उमटते. आणि आपल्या किनाऱ्यावर हवेत खार आणि दमटपणा इतका असतो की अमावास्येला रेघ सुतासारखी स्वच्छ उभी राहते. पौर्णिमेला मात्र ती जवळजवळ पुसली जाते, तेव्हा चंद्रच बघावा. माणसांना माझ्यापासून दहा-पंधरा फुटांत उभं करतो. लांब उभ्या असलेल्याला रेघेचं टोक दुसऱ्याच ताऱ्याजवळ संपल्यासारखं दिसतं.

या लेझरचं बटण दाबून धरावं लागतं, बोट उचललं की बंद. माझ्या दृष्टीने घेण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच. हातातून पडला, कुणी धक्का दिला, ठेच लागली, तरी आपोआप विझतो. 

तक्रारी आहेत. जानेवारीत गगनबावड्याच्या वर गेलो होतो, तिथल्या थंडीत रेघ मरगळली, जेमतेम दिसेना. खिशात पाच मिनिटं उबवल्यावर ताळ्यावर आली. एप्रिल-मेच्या उकाड्यात उलटं, सलग धरला की अर्ध्या मिनिटात मिणमिणतो. म्हणून दहा सेकंद लावायचा, विझवायचा, बोलायचं, परत लावायचा. आणि खारी हवा. मार्चमध्ये एके रात्री लागेचना. झाकण उघडलं तर सेलखालच्या स्प्रिंगवर हिरवट पांढरी पूड धरलेली. कापसाला स्पिरिट लावून पुसली, पातळ पॉलिश पेपर फिरवला, चालू झाला. तेव्हापासून काम झालं की सेल काढून ठेवतो. पुढच्या काचेवर धुकट थर आला की ठिपका फाटतो आणि आजूबाजूला नको तिथे प्रकाश सांडतो, तेव्हा काचही तपासत चला.

आता जागेचं. देवगडला रात्री वरून विमानं जातात, किनाऱ्याने तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरही येतात. लेझरची रेघ लांबवर बारीकच राहते असं वाटतं, पण तसं नसतं. साधा पॉइंटर एका किलोमीटरवर सुमारे एक मीटर रुंद होतो, तीन किलोमीटरवर तीन मीटर. एवढ्या ठिपक्यात वैमानिकाची पुढची काच सहज मावते. पडदा भाजत नसेल, पण अंधाराला सरावलेल्या डोळ्यांपुढे काच अचानक हिरवीगार पेटते आणि काही क्षण समोरचं काहीच दिसत नाही. म्हणून लावण्याआधी मी आकाशभर नजर फिरवतो, आणि एक पोरगं कायम पहाऱ्याला ठेवतो. "इमान!" म्हणून ते ओरडलं की वाक्य अर्धं सोडून मी विझवतो. पोरांना हे काम फार आवडतं. हौसेने केलं तरी विमानावर लेझर मारणं हा गुन्हा आहे, हे त्यांनाही सांगून ठेवलंय.

समुद्राकडे क्षितिजाजवळ लेझर नाही, हा दुसरा नेम. पावसाळी बंदी उठली की १ ऑगस्टपासून होड्या पाण्यात असतात, रात्रभर दिवे दिसतात, आणि सुकाणूवरचा माणूस आपल्यासारखाच अंधारात डोळे ताणून बघत असतो. यात अडचण अशी की आपल्या कोकणातले खास तारे तिथेच आहेत. अगस्ती देवगडहून जेमतेम एकवीस अंश वर येतो, त्रिशंकू तर साडेतेरा. मग मी व्याधापर्यंत लेझर नेतो, विझवतो आणि सांगतो, आता हात लांब करा, पंजा पसरा, व्याधापासून खाली दक्षिणेला पावणेदोन विती मोजा. माणसं मोजतात आणि अगस्ती स्वतः शोधतात. त्या धूमकेतूचंही तसंच. तेव्हा लेझर असता तरी तो होता त्या उंचीवर मी आज लावला नसता, काकींना विती मोजायला शिकवलं असतं.

किनाऱ्यावर, वाळूत, लेझर अजिबात नाही. तांबळडेगला, वायंगणीला, तिकडे वेळासला हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं बाहेर पडतात ती समुद्राच्या उजळ क्षितिजाच्या दिशेने. बाजूला कुठलाही दिवा दिसला की ती भरकटतात.

बागवाल्या शेजाऱ्याने मोहोराच्या वेळी लेझर मागितला होता. "ता माका दी सकाळपारी, वांदरांक पळवूक बरा पडात." मी दिला नाही आणि त्याला वाईट वाटलं. नुकसान त्याचं खरंच होतं, एका टोळीने कलमाखाली कैऱ्यांचा सडा पाडलेला मी बघितलाय. पण वानराचा डोळा आपल्यासारखाच असतो, पडदाही तसाच. ते पळण्याआधी वळून झोताकडेच बघणार. त्याच्यासोबत दोन सकाळी डबे वाजवत बसलो, त्यावर आमचं मिटलं.

दुर्बीण डोळ्याला लावलेला माणूस समोरच्या बाजूला असेल तर लेझर खिशातच. ५० मिलिमीटरची दुर्बीण अंधारात मोठ्या झालेल्या बाहुलीच्या पन्नासपट प्रकाश गोळा करते. फोटो काढणारे असतील तर त्यांना आधी विचारा. त्यांची अर्ध्या तासाची मेहनत एका रेघेने वाया जाते, शिवाय झोत सरळ आत गेला तर कॅमेऱ्याचा सेन्सर जळू शकतो, मोबाइलचासुद्धा.

जानेवारीत संध्याकाळी शुक्र, शनी, गुरू आणि मंगळ एकाच वेळी दिसत होते, तेव्हा काकींना पुन्हा नेलं. गुरू रोहिणीच्या जवळ, मंगळ पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपाशी, लालबुंद. मी मंगळाभोवती बारीक वेटोळं काढलं आणि विझवला. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "गावलो. तांबडो असा." आणि मंगळवारचा तो हाच का, असं विचारून घेतलं.

परवा सेल काढले, काच पुसली, सिलिका जेलच्या दोन पुड्या घातल्या आणि लेझर घट्ट झाकणाच्या डब्यात टाकून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. भाचा मे महिन्याच्या सुट्टीत इथेच आहे, त्यामुळे सेल वेगळ्या खोलीत आहेत. गणपती झाल्यावर आकाश उघडेल तेव्हा आधी मित्राकडे नेऊन पुन्हा मोजून घेईन.