शिआत्सु: आठ महिने चेपून घेतल्यावर

तोक्योत येऊन चार वर्षं झाली, त्यातली तीन मान धरून बसण्यात गेली. आखडलेल्या खांद्यांसाठी जपानीत खास शब्दच आहे, काताकोरी. शेवटी ऑफिसातल्या एका बाईंनी त्यांच्या शिआत्सुवाल्या, म्हणजे बोटांनी दाबून उपचार करणाऱ्या, सेन्सेईंकडे (गुरुजींकडे) पाठवलं. तेव्हापासून महिन्यातून दोनदा जाते.

पहिल्या दिवशी मी मालिशच्या हिशेबाने गेले होते. पण तेल नाही, अंगावरचे कपडे तसेच, जमिनीवर फुतोन, म्हणजे जपानी गादी, आणि त्यावर पालथं पडायचं. सेन्सेई अंगठ्याच्या गादीने एका जागी तीन ते पाच सेकंद दाबतात, सोडतात, पुढे सरकतात. चोळणं नाही, रगडणं नाही. आपण आजीचे पाय चेपायचो ना, त्याच जातीचं काम, फक्त शिकलेल्या हातांचं. जोर मनगटाचा नसतो. सगळ्या अंगाचा भार अंगठ्यावर येतो.

नावातही तेवढंच आहे. शि म्हणजे बोट, आत्सु म्हणजे दाब. तामाई तेम्पेकी यांनी १९१९ मध्ये 'शिआत्सु-हो' नावाचं पुस्तक काढलं. हो म्हणजे पद्धत. त्याआधीपासून जपानात आन्मा ही जुनी मालिश होतीच, अनेक अंधांची ती उपजीविका. तिच्यात चोळणं, मळणं, थोपटणं सगळं येतं. पुढे नामिकोशी तोकुजिरो यांनी शिआत्सु घरोघरी पोचवलं. लहानपणी उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर आईचे दुखरे सांधे दाबता दाबता ते शिकले, असं सांगतात. १९४० मध्ये त्यांनी तोक्योत शाळा काढली. कायद्यात शिआत्सुचं नाव १९५५ मध्ये आलं, तेही आन्माच्या शेजारी. आजही सरकारी परवाना आन्मा, मसाज आणि शिआत्सु असा एकत्रच मिळतो. नाव वेगळं झालं, बिऱ्हाड एकच!

आता फरकाचं. पहिल्या दोन खेपांनंतर दुसऱ्या दिवशी अंग असं ठणकलं की कुणी बडवून काढलंय. तिसऱ्या महिन्यापासून डोकेदुखी कमी झाली, झोप बरी लागू लागली. पण मान मोकळी राहते चार-पाच दिवस. ऑफिसात रिलीजच्या गडबडीचा आठवडा आला की पुन्हा दगड. मधेच मी ऑफिसातली खुर्चीही बदलली, त्यामुळे सगळं श्रेय अंगठ्याला देणार नाही. हाताला मुंग्या येतात म्हटल्यावर सेन्सेईंनीच दाबायचं थांबवून आधी हाडांच्या डॉक्टरकडे पिटाळलं. माझा विश्वास बसला तो त्या दिवशी.

तासाला सहा हजार येन पडतात, खिशाला जाणवतात. म्हणून नवऱ्याला शिकवून पाहिलं. तो अंगठ्याचं टोक खुपसतो, आणि एका हाताने मोबाइल बघतो.