गाडीचे पैसे क्रेडिट कार्डाने भरले, पण किती आणि कशासाठी: काही महिन्यांनंतरचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा कर उपकरासह २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि लगोलग दसरा आला, त्यामुळे पुण्यातल्या शोरूममध्ये त्या दिवसांत घासाघीस करण्याची सोय फारशी उरली नव्हती. त्याच गर्दीत आम्ही आठ लाखांच्या आतली हॅचबॅक घेतली. बहुतेक रक्कम बँकेचे कर्ज आणि आरटीजीएस यांतून गेली. क्रेडिट कार्डावर गेले ते एक लाख चौसष्ट हजार. त्यांतून हाती नेमके काय लागले, हे आता काही महिन्यांनी सांगता येते.

संपूर्ण गाडी कार्डावर घेऊन ढीगभर पॉइंट मिळवावेत, ही कल्पना कॅशियरच्या खिडकीपाशीच संपते. कार्ड स्वाइप झाले की साधारण दोन टक्क्यांच्या आसपासचे शुल्क डीलरच्या खात्यातून कापले जाते; नव्या गाडीवर त्याचा नफा मुळात तुटपुंजा, त्यामुळे तो हा भार स्वतःच्या अंगावर घेत नाही. आमच्या डीलरने बुकिंगसह एक लाखापर्यंत कार्ड विनाशुल्क घेतले आणि त्यापुढच्या रकमेवर दोन टक्के व त्यावर जीएसटी, म्हणजे २.३६ टक्के, मागितले. रोड टॅक्सची रक्कम तर त्याला पुढे आरटीओकडेच भरायची असते. आपल्याकडे दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला हा कर ११ टक्के आहे, आणि एवढी रक्कम कार्डावर घेण्याची त्याची तयारी नसणे मला समजू शकते. ही बोलणी कोटेशनवर सही करण्यापूर्वी झालेली बरी, कारण किंमत ठरल्यानंतर कार्ड पुढे केले की आधी दिलेली सवलत कुठल्यातरी ‘हँडलिंग’च्या ओळीतून परत वसूल होते.

माझ्या कार्डावर दर दीडशे रुपयांमागे चार पॉइंट मिळतात आणि विमानाच्या तिकिटासाठी वापरल्यास एका पॉइंटचे पन्नास पैसे धरले जातात. मी आणखी दोन लाख स्वाइप केले असते, तर ४,७२० रुपये शुल्क भरून सुमारे २,६६६ रुपयांचे पॉइंट मिळाले असते. सेल्स एक्झिक्युटिव्ह “सर, पॉइंट तर मिळतातच की” असे म्हणत होता खरा, पण त्याला यातला तोटा दाखवून उपयोग नव्हता.

खरा लाभ वार्षिक खर्चाच्या टप्प्यांतून झाला. आमच्या घरचा कार्डावरचा खर्च एरवी वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास असतो. या कार्डावर चार लाखांना वार्षिक शुल्क माफ होते, तर पाच लाखांना पाच हजारांचे व्हाउचर मिळते. गाडीमुळे दोन्ही टप्पे एकाच वर्षात ओलांडले गेले. शुल्काचे २,९५० आणि व्हाउचरचे ५,००० मिळून ७,९५० रुपये झाले. त्यापुढे एक लाख चौसष्ट हजारांवरचे ४,३७३ पॉइंट, म्हणजे जेमतेम २,१८६ रुपये, किरकोळच. पाच लाखांना पन्नास हजार कमी पडत असते, तर तेवढ्या रकमेवर १,१८० रुपये शुल्क भरूनही मी स्वाइप केले असते. कार्ड-वर्ष केव्हा संपते हे मात्र आधी तपासावे, कारण हे वर्ष आर्थिक वर्षाप्रमाणे एप्रिलला सुरू होत नाही.

विम्याचे सांगणे आवश्यक आहे. नव्या खाजगी गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सप्टेंबर २०१८ पासून बंधनकारक आहे, पण तो शोरूममधूनच घ्यावा असे कुठेही नाही. तिथले कोटेशन साडेचव्वेचाळीस हजारांचे होते, आणि “बाहेरून घेतलात तर कॅशलेस मिळणार नाही” अशी भीती सोबत होती. आम्ही तेच संरक्षण विमा कंपनीच्या संकेतस्थळावर छत्तीस हजारांत घेतले, कार्डाने, शुल्काविना. गॅरेज कंपनीच्या यादीत असल्याची खात्री मात्र आधीच करून घेतली. इथे वाचलेले साडेआठ हजार सगळ्या पॉइंटांच्या कितीतरी पट आहेत. काही कार्डांवर विम्याला पॉइंट मिळत नाहीत किंवा त्यांना मर्यादा असते, एवढे पाहून घ्यावे. ॲक्सेसरीजचे अठ्ठावीस हजारांचे बिल वेगळ्या मशीनवर झाले आणि त्यावर पॉइंट नेहमीच्या दराने मिळाले.

कार्डाची मर्यादा तीन लाख असल्याने निम्म्याहून अधिक वापर एकाच महिन्यात झाला आणि सिबिलचा गुण, म्हणजे कर्ज देताना बँका पाहतात तो पतीचा आकडा, खाली आला. २०२५ पासून बँका ही माहिती पंधरवड्याने पाठवू लागल्या होत्या, त्यामुळे बिल भरल्यावर तो लवकरच सावरला. पण गृहकर्जाचा अर्ज तोंडावर असेल, तर स्टेटमेंट निघण्याआधीच रक्कम भरून टाकावी. बिल पूर्ण भरण्याइतके पैसे खात्यात नसतील, तर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपासचे व्याज सुरू होते आणि वरचे सगळे हिशेब तिथेच निकालात निघतात. स्वाइप हप्त्यांत वळवून घेतले, तर बहुतेक कार्डांवर पॉइंटही जातात. संपूर्ण गाडी कार्डावर घेण्याचा विचार असलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: आर्थिक वर्षात दहा लाख किंवा त्याहून अधिक कार्ड-बिल भरले, तर बँक ते प्राप्तिकर विभागाला कळवते.

पॉइंट वापरताना निराशा झाली. बँकेच्या पोर्टलवर पुणे–दिल्ली तिकीट ६,९०० रुपयांना दिसत होते, तेच विमान कंपनीच्या संकेतस्थळावर ६,४५० ला. म्हणजे २,१८६ रुपयांच्या पॉइंटांतले साडेचारशे तिथेच गेले आणि पदरात १,७३६ पडले. व्हाउचर घेतले असते तर पस्तीस पैशांप्रमाणे १,५३० मिळाले असते, आणि थेट बिलात वळते केले असते तर वीस पैशांप्रमाणे पावणेनऊशेच, म्हणून तिकीटच काढले. टप्प्याचे पाच हजारांचे व्हाउचर मात्र आम्ही पूर्ण दर्शनी किमतीला वापरले. वार्षिक शुल्क आधी बिलात लागून आले होते, ते पुढच्या स्टेटमेंटमध्ये जीएसटीसह वजा झाले.