उद्यमनगरात ॲम्बॅसॅडरच्या हेडला कडक सीट: काम कसं होतं, कुठं फसतं

एक्झॉस्टच्या चार कडक सीट (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडा), चार गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळ्या), चार व्हॉल्व्ह. 1489 सीसी ॲम्बॅसॅडरचं इंजिन अनलेडेडवर, म्हणजे शिसं नसलेल्या पेट्रोलवर, बिनघोर चालवायला हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) एवढंच बदलावं लागतं आणि हे काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात चांगलं होतं. फाउंड्री आणि मशिन शॉप अंगणात असलेल्या गावात ते न झालं तर कुठं होणार? मात्र हेड टाकून निघून गेलात आणि संध्याकाळी न्यायला आलात, तर तीन गोष्टी हमखास राहून जातात. त्या पुढे येतील.

आधी हे काम कुणी करूच नये ते सांगतो. प्रीमियर पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं. त्यात सीटच्या रिंगा कंपनीनेच बसवलेल्या असतात, त्या ढिल्या किंवा जळालेल्या नसतील तर हात लावू नका. इसुझूचं 1800 इंजिन असलेल्या ॲम्बॅसॅडरलाही हा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) हेडचा: जुनी ॲम्बॅसॅडर, स्टँडर्ड हेराल्ड, मॉरिस मायनर. यांची सीट थेट हेडच्या बिडातच कापलेली असते.

पेट्रोलमधल्या शिशाचं काम तिथंच होतं. ते ऑक्टेन वाढवायचंच, शिवाय त्याच्या जळलेल्या राखेचा पातळ थर लालबुंद व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये बसायचा. तो थर गेला की दोन्ही धातू क्षणभर एकमेकांना चिकटतात आणि व्हॉल्व्ह उघडताना सीटचे बारीक कण ओढून नेतो. हेच कण घासणीचं काम करतात. व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये आत बसत जातो, त्याची दांडी तिला दाबणाऱ्या रॉकरकडे सरकते आणि दोघांमधला टॅपेटचा गॅप कमी होतो. म्हणून जुन्या गाडीचा टॅपेटचा आवाज आपोआप बंद झाला तर खूश होऊ नका. गॅप शून्यावर आला की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि व्हॉल्व्हची कड जळते.

शिशाचं पेट्रोल 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर बंद झालं. तेव्हापासून फक्त रविवारी रंकाळ्याला फेरी मारून येणाऱ्या गाडीची सीट आजही शाबूत असू शकते, कारण झीज होते ती सलग ताणात: पुणे-बंगळूर हायवेवर तासन्‌तास ऐंशीने, किंवा चार माणसं घेऊन गगनबावड्याचा घाट चढताना. त्यामुळे हेड उतरवण्याआधी फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या. आठही टॅपेट मॅन्युअलप्रमाणे सेट करा, आकडे वहीत लिहा आणि 1000 किलोमीटरनंतर पुन्हा मोजा. इनटेक जागेवर आणि एक्झॉस्ट दोन-तीन थाउ (इंचाचे हजारावे भाग) कमी, असं दिसलं तर हेड न्यायची वेळ झाली.

आता दुकानातलं काम. हेड धुतल्यावर पहिली मागणी क्रॅक तपासायची. या इंजिनात दोन आणि तीन नंबर सिलिंडरचा एक्झॉस्ट एकाच मधल्या पोर्टमधून जातो, त्यामुळे तिथलं बीड सगळ्यात जास्त तापतं. तडा निघाला तर नव्या सीटचा खर्च वाया. इथे बहुतेक कारागीर हे न सांगताही करतात, त्याचे पूर्ण गुण.

पहिली राहून जाणारी गोष्ट गाइड. सीट कापणाऱ्या हत्याराचा पायलट, म्हणजे त्याला सरळ धरणारी दांडी, गाइडमध्ये बसतो. गाइड झिजलेलं असेल तर सीट तिरकी कापली जाते आणि मग कितीही पेस्ट घासा, व्हॉल्व्ह एका बाजूला टेकणारच. गाइड आधी, सीट नंतर. घाईच्या दिवशी नेमका हाच क्रम उलटा होतो.

दुसरी गोष्ट बसवणीची. बिडाच्या हेडात नव्या सीटची रिंग तिच्यासाठी कापलेल्या खड्ड्यापेक्षा 3 ते 4 थाउ, म्हणजे 0.08 ते 0.10 मिलिमीटर मोठी हवी. खड्डा गोल, सरळ आणि तळाला सपाट हवा. फार खोल गेला तर वॉटर जॅकेट (हेडमधली पाण्याची पोकळी) फुटतं, तळ ओबडधोबड राहिला तर रिंगची उष्णता हेडमध्ये उतरत नाही. रिंग गार करून आणि हेड गरम करून मॅन्ड्रेलने ठोकतात. ठोकताना कान द्या: रिंग उतरत असताना आवाज पोकळ येतो, तळाला टेकली की एकदम भरीव ठक्क होतो. तो आवाज आला नाही तर काढून पुन्हा. ढिल्या रिंगला चिकटद्रव लावून ‘बसतंय की, काय होत न्हाई’ म्हणणारा भेटला तर हेड उचला आणि शेजारच्या गल्लीत जा. चालत्या इंजिनात रिंग निसटली तर पिस्टनसकट सगळं भंगारात जातं.

तिसरी गोष्ट सीटची रुंदी. 45 अंशाची सीट, वर 30, खाली 60 अंशाचा कट, आणि एक्झॉस्टची टेकण साधारण दीड ते दोन मिलिमीटर. काही जण चकाचक दिसावी म्हणून ती एक मिलिमीटरवर आणतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटमार्गेच सोडतो, त्यामुळे अरुंद सीटवर तो लवकर जळतो. सीटला खुणेचा निळा रंग लावून बघा: व्हॉल्व्हच्या तोंडावर मधोमध न तुटलेलं कडं उमटलं पाहिजे. मग पोर्टमध्ये रॉकेल ओतून थोडा वेळ ठेवा, खाली ओल दिसता कामा नये. व्हॉल्व्ह 21-4एन पोलादाचे घ्या, जुनेच घासून परत घालू नका. भाव ठरवताना सीट, गाइड आणि फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं) वेगवेगळं विचारा, नाहीतर ‘हेडचं काम’ या एका शब्दात गाइड गायब होतं.

बाटलीतल्या शिशाच्या पर्यायाबद्दल थोडक्यात. पोटॅशियम, सोडियम, फॉस्फरस किंवा मँगनीज असलेली ही औषधं चांगल्या सीटची झीज रोखू शकतात, पण झिजलेली सीट भरून देत नाहीत. दर टाकीला मापून घालावी लागतात आणि दोन प्रकार एकत्र करायचे नसतात. महिन्यातून एकदा निघणाऱ्या गाडीला ठीक, रोजच्या गाडीला पैशाची गळती.

सीट बसल्या तरी आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला ऊस टाकीत परत येतो. साध्या पेट्रोलला वजनाने हवा 14.7 पट लागते, या मिश्रणाला सुमारे 13.5. कार्ब्युरेटरचं जेट (पेट्रोल सोडणारं भोक) तेच ठेवलं तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, एक्झॉस्ट तापतो आणि नव्या सीटवरच भार येतो. एसयू कार्ब्युरेटरला मिक्स्चर नट किंवा सुई, सोलेक्सला एक-दोन नंबर मोठा मेन जेट. इग्निशन (ठिणगीची वेळ) गरजेपेक्षा जास्त मागे ओढलं तरी एक्झॉस्ट तापतोच, म्हणून नॉकिंग, म्हणजे इंजिनातली खडखड, ऐकू आलं तरच एक-दोन अंश मागे. जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घाला. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, अर्ध्या टाकीतल्या दमट हवेचं पाणी इथेनॉल ओढून घेतो आणि ते तळाला बसतं.

हेड चढवल्यावर 500 किलोमीटरला नट पुन्हा मॅन्युअलच्या टॉर्कवर आवळा, मग टॅपेट सेट करा, आणि 1000 व 5000 ला मोजून त्याच वहीत जुन्या आकड्यांखाली लिहा.